पुढे चाल

देशातल्या महिला फुटबॉलमध्ये राज्याराज्यांत खेळल्या जाणाऱ्या सर्वांत मानाच्या करंडकावर वऱ्हाडच्या एका लेकीचं नाव आहे. लखुजी जाधवांच्या घरी, सिंदखेडराजाला, १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मलेल्या जिजाऊंचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावात दर जानेवारीला जन्मोत्सवाची गर्दी होते, पोवाडे होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल की २०२३-२४ च्या हंगामापासून वरिष्ठ महिला राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा ‘राजमाता जिजाबाई करंडक’ या नावानं खेळली जाते? पुरुषांच्या स्पर्धेला १९४१ पासून ‘संतोष ट्रॉफी’ हे नाव आहे. बायकांची स्पर्धा अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं सुरू केली तीच १९९१-९२ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. नाव मिळायला आणखी तीस वर्षं गेली.

करंडकावर नाव वऱ्हाडचं असलं तरी करंडक फिरतो तो मात्र दूरदूर. २०२१ साली त्याची अंतिम लढत केरळात कोझिकोडला झाली, २०२३ साली अमृतसरला. २०२४ च्या ऑक्टोबरात तर ती छत्तीसगडमधल्या नारायणपूरला, रामकृष्ण मिशनच्या मैदानावर झाली. नारायणपूर म्हणजे बस्तरचं जंगल, आपल्या गडचिरोलीला लागून असलेला जिल्हा. तिथे मणिपूरनं ओडिशाला १-० असं हरवलं. मणिपूरनं ही स्पर्धा आजवर वीसहून अधिक वेळा जिंकली आहे, त्यामुळे त्या निकालाचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आता अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या शाळेतली पोट्टी या करंडकापर्यंत पोचायची म्हटली तर तिला नेमकं काय करावं लागेल? याचं उत्तर शोधायचं तर आधी अशा स्पर्धांचा पहिला हंगाम कसा असतो ते बघावं लागतं. पहिल्या हंगामात कोण जिंकलं हे लोक विसरतात. इतिहासाला त्यातला एकच आकडा खरा उपयोगी पडतो : किती संघ आले?

बाद पद्धतीचं गणित कुणालाही तोंडी करता येईल असं आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. शेवटी एकच उरायचा असेल, तर जितके संघ त्याहून एक कमी, इतके सामने. आठ संघांना सात, सोळांना पंधरा. संघांची संख्या २, ४, ८, १६, ३२ अशी दुपटीनं वाढणाऱ्या रांगेत बसली तर सगळे पहिल्या फेरीपासून खेळतात. बसली नाही, तर काहींना न खेळताच पुढची फेरी मिळते. आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानांवर रुळलेला त्याला शब्द आहे, ‘पुढे चाल’. हे दोन शब्द पुढे पुन्हा लागणार आहेत.

या पद्धतीचा मोठेपणा असा की तिच्यात दार सगळ्यांना उघडं असतं. साखळी स्पर्धेत निवडक संघ घ्यावे लागतात, कारण प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळायचं असतं. दहा संघ म्हटले की पंचेचाळीस सामने झाले. बाद स्पर्धेत शंभर संघ आले तरी नव्व्याण्णव सामन्यांत काम आटोपतं. म्हणून ज्या खेळाला अजून लीग नाही, पैसा नाही, मैदान नाही, तो खेळ आधी कप सुरू करतो. महिलांच्या फुटबॉलचं जगभर बहुतेक असंच झालं.

त्यातला सर्वांत बोलका दाखला इंग्लंडचा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू लाथाडू लागल्या, आणि कारखान्यांचे संघ उभे राहिले. प्रेस्टन गावातल्या डिक, कर या कारखान्याचा संघ तर देशभर गाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा सेंट हेलेन्सशी सामना झाला, तेव्हा आत ५३ हजार प्रेक्षक होते आणि हजारो लोक तिकीट न मिळाल्यानं बाहेर उभे होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला : हा खेळ बायकांना शोभणारा नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. खेळायला कुणी कायद्यानं बंदी घातली नव्हती. फक्त पायाखालची जमीन काढून घेतली होती.

बायकांनी त्यावर काय केलं? त्याच महिन्यात स्वतःची संघटना काढली आणि स्वतःचा कप जाहीर केला. वीसहून अधिक संघ उतरले. १९२२ च्या जूनमध्ये स्टोकच्या संघानं डोंकास्टर अँड बेंटलीला ३-१ असं हरवून तो जिंकला. इंग्लंडमधला महिलांचा तो पहिला राष्ट्रीय बाद करंडक. त्याचा दुसरा हंगाम कधी झालाच नाही. चांगली मैदानं नाहीत, मान्यता नाही, पाठीशी कुणी नाही, आणि संघटना विरून गेली. पहिला हंगाम होणं आणि दुसरा होणं यांत किती अंतर असतं ते या एका कपावरून कळतं.

पुढची जवळपास पन्नास वर्षं इंग्लंडातल्या मुली बागांत, मोकळ्या पटांगणांत खेळत राहिल्या, पण त्यांची मोजदाद कुणी केली नाही. १९६७ साली टॉटनहॅमनं पुरुषांचा एफए कप जिंकला, विजयाची मिरवणूक निघाली, आणि ती बघायला गेलेल्या पॅट्रिशिया ग्रेगरी नावाच्या तरुणीला प्रश्न पडला, की मुली हा खेळ का खेळत नाहीत? तिनं स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. उत्तरं अशी आली की तुझ्या संघात आम्हालाही घे! संघ नव्हताच; तिला तो काढावा लागला. मैदान भाड्यानं मागायला गेली तर नकार, कारण बायकांना मैदान देता येत नाही. त्याच सुमारास केंटमधल्या डील गावी आर्थर हॉब्ज हे गृहस्थ मुलींची स्पर्धा भरवत होते. अशी विखुरलेली माणसं एकत्र येऊन १ नोव्हेंबर १९६९ रोजी विमेन्स फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पाठोपाठ १९२१ चा तो ठरावही मागे घेण्यात आला.

मग १९७०-७१ मध्ये नवा कप जाहीर झाला, आणि नावं नोंदवली ७१ संघांनी. त्यांत स्कॉटलंडचे संघसुद्धा होते. पुस्तकी हिशेबानं ७१ संघ म्हणजे ७० सामने, आणि पहिल्या फेरीत फक्त १४ संघांना खेळवून ५७ जणांना पुढे चाल. प्रत्यक्षात सुरुवातीचे सामने प्रवासखर्चाच्या बेतानं विभागवार झाले. अंतिम सामना ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला झाला. साउथॅम्प्टननं स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ असं हरवलं. त्यांतले तीन गोल एकट्या पॅट डेव्हिसचे होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, इंग्लंडच्या महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला झाला आणि डेव्हिस त्या संघात होती.

७१ हा आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. अर्धं शतक ज्यांना मैदान नव्हतं अशा बायकांचे ७१ संघ एका वर्षात तयार होत नसतात. ते आधीपासून होते. कुठे कारखान्याच्या मागे, कुठे चर्चच्या आवारात, कुठे शाळा सुटल्यावर. कपानं ते निर्माण केले नाहीत. त्यांची नावं पहिल्यांदा एका कागदावर लिहिली, इतकंच. आज त्या स्पर्धेत चारशेहून अधिक संघ उतरतात. २०२३ साली वेम्ब्लीवर चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेडची अंतिम लढत ७७ हजार ३९० लोकांनी मैदानात बसून पाहिली.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली स्थापन झाला. पुरुषांच्या महासंघाशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता. त्याच वर्षी लखनऊला पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तिला आले सहा संघ. एवढ्या मोठ्या देशात सहा! तरीही पुढची स्पर्धा सुलतानपूरला झाली आणि संघ वाढले. बिनपैशाच्या, बिनमानधनाच्या या स्पर्धांतून मुली निवडल्या गेल्या, आणि पाच वर्षांत भारतानं थेट आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. १९८० साली कोझिकोडला झालेल्या त्या स्पर्धेत भारतानं आपले दोन संघ उतरवले होते. त्यांतला एक अंतिम फेरीत तैवानकडून ०-२ हरला. १९८३ साली बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता ठरला. त्या काळच्या संघात गोव्याची योलांडा डिसोझा होती, कर्नाटकची चित्रा गंगाधरन होती, बंगालची शांती मल्लिक होती. शांती मल्लिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली.

पुढे नव्वदच्या दशकाच्या तोंडावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं महिलांचा कारभार हाती घेतला आणि १९९१-९२ मध्ये आजची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. सहापासून निघालेली ही गाडी २०२१ मध्ये कोझिकोडला पोचली तेव्हा स्पर्धेत ३२ संघ होते, आठ गटांत चार-चार. स्पर्धेची रचना आता नुसत्या बाद पद्धतीची नाही. आधी गटसाखळी, मग बाद फेरी. म्हणजे पहिला सामना हरलात तरी सामान बांधायची वेळ लगेच येत नाही. नवख्या राज्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण बाद पद्धतीला दुसरी बाजूही आहे, आणि ती वऱ्हाडात जेवढी कळते तेवढी मुंबईत कळणार नाही.

वऱ्हाडातली मुलगी फुटबॉलमध्ये शिरते ती बहुधा शाळेच्या दारानं. पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून शालेय स्पर्धांचं पत्रक निघतं. फुटबॉलमध्ये त्यातलं मोठं नाव सुब्रोतो कप. हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावानं ही स्पर्धा १९६० पासून चालते. मुलींचा १७ वर्षांखालचा गट मात्र २०१२ मध्ये आला. इथेही बावन्न वर्षांचं अंतर आहे. सामने आधी जिल्ह्याला, मग विभागाला, मग राज्याला, आणि शेवटी दिल्लीला होतात.

अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. शालेय स्पर्धांत अमरावती आणि अकोला या दोन महानगरपालिकांचे संघ वेगळे धरले जातात, म्हणजे विभागाला सात. सात संघांत सहा सामने, आणि एकाला पुढे चाल. तिथून जिंकलेला संघ राज्याला जातो. क्रीडा खात्याचे विभाग आठ, म्हणजे सात सामने, आणि विजेत्याला तीन लढती. अकोला शहरातल्या एखाद्या शाळेनं आधी शहरात दोन-तीन सामने जिंकले असं धरलं, तर दिल्लीची गाडी पकडण्यासाठी तिला साधारण आठ-नऊ सामने सलग जिंकावे लागतात. एकदाही हरायची मुभा नाही.

आणि हरली तर? तर तिचं वर्ष संपलं. कुठल्याही बाद फेरीत निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात, हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे. पण ज्या मुलीला वर्षभरात दुसरी स्पर्धाच नाही, तिच्यासाठी तो एक सामना म्हणजे अख्खा हंगाम असतो. जून-जुलैत सराव सुरू, ऑगस्टच्या आत एक सामना, मग थेट पुढच्या वर्षी. पंधराव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलीच्या वाट्याला अशानं शाळा संपेपर्यंत दोन-तीनच सामने येऊ शकतात. इंग्लंडात १९७०-७१ साली पहिल्या फटक्यात बाद झालेल्या संघांची गतही तीच होती. फरक इतकाच की त्यांतल्या अनेक संघांना आपापल्या भागात लहानमोठ्या लीग होत्या, शनिवार-रविवारचे सामने होते. कपात हरून त्या पुन्हा आपल्या लीगमध्ये खेळायला जात.

त्यात वऱ्हाडची माती. पऱ्हाटीला जी काळी कसदार जमीन मानवते, तीच फुटबॉलला जाचते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्या जमिनीला पायाचा घोटा जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या दमदार पावसानंतर तीच माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. जिथे मुरमाची भर घातलेली नाही किंवा हिरवळ राखलेली नाही, तिथे चेंडू टप्पा घेत नाही, जिथे पडेल तिथेच बसतो. आणि नेमके शालेय फुटबॉलचे सामने असतात पावसाळ्यात. त्यामुळे वावराला लागून असलेल्या शाळेत कबड्डी-खोखो फुलतात आणि फुटबॉल मागे पडतो, याला परंपरेइतकंच भूगोलाचंही कारण आहे.

परंपरा तर इथे भक्कम आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक महाराष्ट्रभरच्या शाळांत शिट्टी घेऊन उभे आहेत. अकोल्याचं नाव आज बॉक्सिंगमुळे घेतलं जातं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली पाचही जिल्ह्यांची महाविद्यालयं आहेत. माणसं आहेत, शिकवणारे आहेत. मुलींच्या फुटबॉलला इथे उणीव आहे ती वर्षभर खेळल्या जाणाऱ्या सामन्यांची.

शेजारच्या नागपुरात हे कसं बदलू शकतं याचं एक उदाहरण लोकांनी पडद्यावर पाहिलं आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ सालचा चित्रपट त्याच गोष्टीवर बेतला आहे. त्या संस्थेतून मुलीही खेळल्या, बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेल्या. तिथे सुरुवात करंडकानं झाली नव्हती, रोजच्या खेळानं झाली होती.

मणिपूरचं गुपितही तेच. इंफाळच्या गल्ल्यांना तिथे लैकाई म्हणतात, आणि लैकाई-लैकाईला क्लब आहेत. मुलगी हरली तरी पुढच्या आठवड्यात तिला सामना असतो. २०१६-१७ मध्ये इंडियन वुमेन्स लीगचा पहिला हंगाम झाला, त्याची अंतिम फेरी खेळायला दिल्लीला सहा संघ आले होते. १९७५ च्या लखनऊसारखेच सहा. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असं हरवलं. महाराष्ट्रातून एफसी पुणे सिटी होती. आणि त्या सहांत हरियाणातल्या अलखपुरा नावाच्या एका खेड्याचाही संघ होता. भिवानी जिल्ह्यातलं गाव, शेतीवर जगणारं. पुढे कोल्हापूरचाही संघ या लीगमध्ये खेळला. वऱ्हाडचा मात्र अजून नाही.

मधल्या काळात मोठे सामने महाराष्ट्रात येऊन गेले. २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. यजमान भारताला इराणशी ०-० अशी बरोबरी मिळाली आणि मग करोनानं संघ असा पोखरला की तैवानविरुद्ध मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत. भारताची स्पर्धा तिथेच संपली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. पुढे ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला भारतानं थायलंडला २-१ हरवून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही भारताची पहिलीच वेळ.

जिजाबाई करंडकासाठी महाराष्ट्राचा संघ निवडते ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. १९११ पासूनची ही संघटना, मुख्यालय मुंबईत. तिच्या आंतरजिल्हा महिला स्पर्धेतून खेळाडू नजरेत भरतात. अकोल्याहून मुंबईची वाट रुळांनी सरळ आहे, हावडा-मुंबई मार्गच तो. खरी लांबी आहे ती त्याआधीची, शाळेपासून जिल्हा संघापर्यंतची. ‘खेलो इंडिया’ची ‘अस्मिता’ नावाची मुलींची लीग आहे, ती हीच लांबी कमी करण्यासाठी; तिच्यात हरलेल्या संघाला लगेच पुढचा सामना मिळतो.

तूर्त जिल्ह्याचं चित्र बघायचं असेल तर भाग्यपत्रिका बघावी. चिठ्ठ्या टाकून कुणाची लढत कुणाशी हे ज्या कागदावर लिहितात तो कागद. जिथे मुलींचे पाचच संघ आले, तिथे पहिल्या फेरीत एकच सामना होतो आणि उरलेल्या तीन शाळांसमोर ‘पुढे चाल’ लिहिलेलं असतं. त्यांतली एखादी शाळा मग एक सामना जिंकून थेट अंतिम फेरीत जाते, आणि तिच्या मुलींना आपण नेमक्या किती पाण्यात आहोत हे विभागीय स्पर्धेत, पहिल्याच तगड्या संघासमोर कळतं. सहा संघ आले तर पुढे चाल दोघींना, सात आले तर एकीला. आठवी शाळा आली, की ते दोन शब्द त्या कागदावरून जातात, आणि पहिल्या दिवशी सगळ्याच पोरींना बूट बांधून मैदानात उतरावं लागतं.